कुबेरचा तांडेल : २२ ते २६ नोव्हेंबर २००८

२२ नोव्हेंबर. मुंबईवर हल्ला करायला कराचीहून दहा अतिरेकी निघाले आणि पुढे ‘अल हुसेनी’ या बोटीवर चढले.

२३ नोव्हेंबर. भर दर्यात पोरबंदरचा ‘कुबेर’ ट्रॉलर त्यांच्या हाती लागला. बोटीवर पाच जण होते. चौघा खलाशांना मारून टाकलं. तांडेल अमरसिंह सोळंकी यांना मात्र जिवंत ठेवलं, मुंबईपर्यंत बोट न्यायला. न पुकारलेल्या या युद्धाचे पहिले बळी मच्छीमारच.

२४ आणि २५ नोव्हेंबर. कुबेर दक्षिणेकडे येत राहिला. हंगामात समुद्रावर मासेमारीच्या बोटींची दाटी. त्यातली नेमकी एक नौदलानं किंवा तटरक्षक दलानं कशी ओळखावी? ते काम कोळ्याचं. बोटीची बांधणी, रंग, जाळं टाकण्याची पद्धत यांवरून परकी बोट त्याला लांबूनच कळते. ब्रिटननं पहिल्या महायुद्धात ट्रॉलरवरच्या मच्छीमारांना नौदलाच्या राखीव दलात घेऊन सुरुंग काढायला लावले होते. आपल्याकडे १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली, तरी कोळ्याला असं रीतसर स्थान मिळालं नाही.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४. मुंबई चार सागरी मैलांवर. अंधार पडण्याची वाट बघत ते थांबले. मग अमरसिंहांचा गळा चिरला आणि रबरी डिंगी पाण्यात सोडली.

रात्री ८.३० च्या सुमारास. कफ परेड, बधवार पार्कची मच्छीमार वस्ती. यामाहा इंजिनाची डिंगी किनाऱ्याला लागली. तरणी पोरं उतरली, खांद्यावर जड सॅक. कोळीवाड्याच्या बंदरात रबरी होडीतून असं कोण येतं? वस्तीतल्यांना ते खटकलं, त्यांनी हटकलंही. उडवाउडवीची उत्तरं मिळाली आणि पोरं शहरात पांगली. संशय कोळ्यालाच आला होता. त्याचा शब्द तत्काळ थेट नियंत्रण कक्षात पोचेल, तिथून हालचाल होईल, अशी व्यवस्थाच नव्हती. हाताशी जेमतेम तासाभराचा वेळ होता.

रात्री ९.३० च्या पुढे. लिओपोल्ड, सीएसटी, ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस. १६६ माणसं गेली.

२७ नोव्हेंबर. भरकटलेला कुबेर तटरक्षक दलाला सापडला. आत अमरसिंहांचा मृतदेह आणि सॅटेलाइट फोन होता.

पुढे बोटींना रंग ठरवून दिले, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, नौदलानं सागरी प्रहरी बल उभारलं. हे हवंच होतं. पण किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या सागर रक्षक दलातला कोळी अजून स्वयंसेवकच आहे. त्याला राखीव दलाचा दर्जा, प्रशिक्षण आणि मानधन द्या.