पत आणि पत्ता

स्थलांतर हा शब्द आपण बहुधा माणसांसाठी राखून ठेवतो. दुष्काळात गाव सोडणारे कुटुंब किंवा ऊसतोडीला निघालेली टोळी यांचे स्थलांतर आपल्याला लगेच दिसते. परंतु चार-पाच ट्रक बाळगणारा छोटा वाहतूकदार आपला धंदा एका गावाहून दुसऱ्या गावी नेतो, तेव्हा नेमके काय स्थलांतरित होते? गाड्या तर रोजच गाव सोडत असतात. आमच्या मते त्याचा पत्ता हलतो, पण पत मागे राहते. मालवाहतुकीचा गेल्या काही दशकांचा इतिहास या दोन शब्दांतील अंतर ध्यानात ठेवून वाचला पाहिजे.

रेल्वे येण्यापूर्वी दख्खनमध्ये बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांना हे अंतर ठाऊक नव्हते. बैल, बिऱ्हाड आणि तांड्याचा नायक एकत्रच वाट चालत. नायकाचा शब्द हीच पत आणि तांडा हाच पत्ता. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि ही वाहतूक क्रमाने मोडत गेली. पुढे ट्रक आला, तेव्हा मालाच्या वाटेवर चालक तेवढा राहिला. त्याचे घर गावी आणि मालकाची गादी बाजारपेठेत, अशी तिहेरी फाटाफूट झाली.

मुंबईत हा ताण स्पष्ट दिसतो. मस्जिद बंदर, दाणाबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या परिसरांत घाऊक व्यापार एकवटलेला होता. मालाची चढउतार, हमाल, दलाल आणि भाड्याची वाट पाहणारे ट्रक हे सारे त्याच गल्ल्यांत सामावलेले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईवरील भार हलका करण्याच्या हेतूने घाऊक बाजार खाडीपलीकडे नेण्याचे धोरण आखले गेले. कांदा-बटाटा, धान्य आणि मसाले यांच्या पाठोपाठ १९९६ मध्ये फळांचा व भाजीपाल्याचा घाऊक बाजारही नवी मुंबईत गेला. दरम्यान १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील बंदर सुरू झाले आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची नवी वाहतूक त्या बाजूला उभी राहिली. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर असण्याचा लाभ भिवंडीच्या गोदामांना मिळाला. धोरणाने बाजार हलवला, व्यापाऱ्याला गाळा दिला. छोट्या वाहतूकदाराने त्यामागून जावे, हे गृहीतच धरले गेले.

कायद्याच्या दृष्टीने हे जाणे सोपे आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार पत्ता बदलल्यास मालकाने तीस दिवसांत कळवायचे. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर तेथे नव्याने नोंदणी करायची. परंतु नव्या अड्ड्यावर परतीचे भाडे कोण देईल, कोणता दलाल पैसे बुडवणार नाही, कोणत्या पंपावर डिझेल उधार मिळेल, याची नोंद कोणत्याही कार्यालयात नसते. वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून मिळवलेले हे भांडवल नाहरकत दाखल्याबरोबर पाठवता येत नाही.

चालकांचा प्रश्न याहून बिकट आहे. या धंद्यात चालक प्रामुख्याने नात्यातून आणि गावातून मिळत आला. क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला पोरगा चाके, ताडपत्री, घाट आणि नाके शिकत शिकत चालक होई. ही शाळा गावकीच्या विश्वासावर चालत असे. मालक दूर गेला की ती तुटते, आणि अनोळखी माणसाच्या हाती उधारीने घेतलेली गाडी द्यावी लागते. व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली. चालकांच्या टंचाईचे कारण तेव्हा पुढे केले गेले. परंतु अट काढल्याने परवानाधारक वाढतात. ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा माणूस वाढतोच असे नाही.

भागीदारांचे तसेच. नव्या ठिकाणी स्वतःच्या नावावर माल न मिळणारा छोटा मालक आपली गाडी मोठ्या कंपनीला जोडतो किंवा भाडेपट्ट्याने देतो. मग मालक कोण? १९३९ च्या कायद्याने भाडे-खरेदीवरील गाडी ज्याच्या ताब्यात, त्यालाच मालक मानले. १९८८ च्या कायद्याने त्यात भाडेपट्टा आणि नजरगहाण यांचीही भर घातली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाड्याने घेतलेल्या एका बसच्या अपघातात, चालक मूळ मालकाचा असूनही, बसवर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्या राजस्थानच्या परिवहन महामंडळाला जबाबदार धरले. उलट २०१८ च्या एका निकालात, गाडी अनेकदा विकली गेली असूनही, नोंदणी ज्याच्या नावे कायम होती त्याच्यावरच भरपाईचे दायित्व आले. 'मालक' हा शब्द असा ताबा आणि कागद यांच्यात हेलकावत राहतो. भागीदार निवडताना छोटा वाहतूकदार खरे तर या शब्दाचा अर्थच ठरवत असतो. आणि तो चुकला तर त्याचे घर जाते.

या साऱ्यात चालकाचे नाव कोठे आहे? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याला दिवसाला आठ तासांची मर्यादा दिली होती, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडचा चालक मुळातच त्या कक्षेबाहेर राहिला. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिने हा उंबरठा दहा कामगारांवर नेला. पाचपर्यंत गाड्यांच्या मालकांचेच बाहुल्य असलेल्या धंद्यात याचा अर्थ उघड आहे.

गाडीचा ठावठिकाणा राज्यसंस्थेला अचूक हवा असतो. गाडी चालवणाऱ्याचे तास मोजण्याची निकड तिला तेवढी वाटलेली नाही. मालवाहतुकीचा इतिहास लिहिताना आपण रस्ते, बंदरे आणि बाजार यांच्या तारखा लिहितो. त्या आवश्यकच आहेत. परंतु खाडी ओलांडताना कोणाची पत बुडाली आणि कोणाला ती नव्याने, शून्यातून कमवावी लागली, हे विचारल्याखेरीज तो इतिहास मालाचाच राहील, माणसांचा होणार नाही.