५५ अंश, ६० अंश आणि फौजेची डायपेटी

सध्या मुक्काम जबलपूर. जबलपूर म्हटलं की लोकांना भेडाघाट आठवतो, आम्हा वर्कशॉपवाल्यांना शक्तिमान ट्रक आठवतो. त्या ट्रकचा या गोष्टीशी संबंध आहे, पण तो शेवटाकडे येईल. आधी डायची ओळख करून देतो.

नटाच्या आत आटे पाडतो तो टॅप आणि सळईवर बाहेरून आटे पाडते ती डाय. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, मधे भोक आणि भोकाभोवती धार असलेली पोलादी चकती. ती हँडलमध्ये बसवायची, सळईच्या तोंडावर ठेवायची आणि फिरवायची. आयटीआयमध्ये हे काम पहिल्या वर्षीच शिकवतात. पण फिरवायची कशी हे सोपं असलं तरी कुठली डाय उचलायची हे सोपं नाही. फौजेत तर मुळीच नाही, कारण फौजेकडे चार देशांची यंत्रं असतात आणि प्रत्येक देशाचा आटा वेगळा.

गावाकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. ऑइल इंजिनाचा बोल्ट हवा असेल तर दुकानात जाऊन "चार सुती द्या" म्हणायचं. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून चार सूत म्हणजे अर्धा इंच. पण अर्ध्या इंचाच्या बोल्टवर इंचभर लांबीत किती आटे? जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीत १२. इंग्रजीच, पण बारीक आट्यांच्या बीएसएफ पद्धतीत १६. अमेरिकन जाड आट्यांत १३ आणि अमेरिकन बारीक आट्यांत २०. जाडी एकच, डाय चार. हा गोंधळ कुणी मुद्दाम घातलेला नाही. एकेका लढाईने आणि एकेका कारखान्याने तो वाढवत नेला.

दोनशे वर्षांपूर्वी गोंधळ याहून मोठा होता. प्रत्येक कारखान्याचा आटा स्वतःचा. बोल्ट आणि त्याचा नट ही ठरलेली जोडी असायची. मशीन खोलताना कुठला नट कुठल्या बोल्टचा, याची खूण करून ठेवावी लागे. आटे पाडायला भोकं असलेली पोलादी पट्टी वापरत. ती धातू नीट कापण्यापेक्षा दाबून आटा उठवायची. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास आटे कापणारं अचूक लेथ बनवलं आणि निदान एका कारखान्यातले आटे तरी सारखे येऊ लागले. त्याच्याच हाताखाली जोसेफ व्हिटवर्थ तयार झाला.

व्हिटवर्थने पुढे मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. देशभरातल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट त्याने गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. प्रत्येक जाडीला आट्यांची संख्या ठरलेली, आट्याचा कोन ५५ अंश, टोक आणि तळ दोन्ही गोलसर. ५५ हा आकडा त्या सरासरीतूनच आला.

व्हिटवर्थची पद्धत पसरायला कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागली नाही. त्याचा कारखाना त्याच मापाचे टॅप आणि डाय बनवून विकत होता. ज्याने त्या डाय विकत घेतल्या, त्याचे आटे आपोआप व्हिटवर्थचे झाले. निबंध किती लोकांनी वाचला असेल कोण जाणे, डाय मात्र हजारो हातांत गेली. मिस्त्रीच्या हातात जी डाय असते तेच त्याच्यासाठी प्रमाण असतं. हे लक्षात ठेवलं की पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

पहिली मोठी परीक्षा क्रिमियाच्या युद्धात झाली. ब्रिटिश नौदलाला घाईने गनबोटी हव्या होत्या आणि त्यांच्यासाठी ९० इंजिनसंच. एका कारखान्याला ते जमणारं नव्हतं. सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनवून एकत्र जोडले गेले, आणि ते जुळले, कारण आटे सगळीकडे सारखे होते. तिथून पुढे इंग्रजी रेल्वे, इंग्रजी तोफा आणि इंग्रजी इंजिनं जिथे गेली, तिथे ५५ अंश गेला. आपल्याकडे १८६२ मध्ये बिहारात जमालपूरचं रेल्वे वर्कशॉप सुरू झालं, इथे जबलपूरला १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतले फिटर याच मापावर शिकले.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये, तिकडे यादवी युद्ध चालू असताना, विल्यम सेलर्स नावाच्या कारखानदाराने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे आपली पद्धत मांडली. त्याचा आक्षेप व्यवहारी होता. ५५ अंश मोजायला अवघड, आणि टोकाची ती गोलाई साध्या मिस्त्रीला अचूक आणणं त्याहून अवघड. त्याने कोन ६० अंश घेतला, म्हणजे शाळेतला समभुज त्रिकोण, आणि टोक सपाट ठेवलं. १८६८ मध्ये अमेरिकन नौदलाने तो आटा स्वीकारला. युरोपातल्या मीटरवाल्या देशांनी १८९८ मध्ये झुरिकला बसून मिलिमीटरमधला आटा ठरवला, त्याचाही कोन ६०. इंग्रजांनी घड्याळं, मोजयंत्रं आणि विजेच्या उपकरणांसाठी बीए नावाचा आणखी एक बारीक आटा घेतला, त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. जुन्या वायरलेस सेटचे स्क्रू याच जातीचे.

शांततेच्या काळात हे सगळं खपून गेलं. दुसऱ्या महायुद्धात त्याची किंमत मोजावी लागली. स्पिटफायर विमानांचं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन अमेरिकेत डेट्रॉईटच्या पॅकार्ड कंपनीला बनवायला दिलं. आटे इंग्रजीच ठेवायचे होते, नाहीतर इंग्लंडमध्ये दुरुस्ती कशी होणार? पण त्या आट्यांचे टॅप आणि डाय अमेरिकेत मिळतच नव्हते. पॅकार्डने आधी स्वतःचे टॅप आणि डाय बनवले, मग इंजिनं. पुढे त्यांनी ५५ हजारांहून जास्त मर्लिन बनवली, पण सुरुवात डायपासून झाली.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आपली चौथी डिव्हिजन लढत होती. तोफा इंग्रजी, ट्रक अमेरिकन आणि कॅनेडियन. दुरुस्तीवाल्यांना पाने दोन जातींचे, नट-बोल्ट दोन जातींचे, डाय दोन जातींच्या. याच युद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, दुरुस्तीचं काम एका छत्राखाली आणून आमची ईएमई कोअर उभी राहिली. १५ ऑक्टोबरला आम्ही कोअर डे साजरा करतो.

युद्धाचा धडा मोठ्या देशांनीही घेतला. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन ६० अंश ठरला. व्हिटवर्थचा ५५ अंश शंभरेक वर्षांनी मागे पडला.

कागदावर मागे पडला, जमिनीवर नाही. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात असल उत्तरच्या उसाच्या शेतांत आपले सेंच्युरियन आणि पाकिस्तानचे पॅटन समोरासमोर आले. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन हे त्या मर्लिनचंच भावंड, इंग्रजी आट्यांच्या जमान्यातलं. पॅटन अस्सल अमेरिकन. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात दोन्ही बघायला मिळतात. लोक तोफेसोबत फोटो काढतात. मी जातो तेव्हा बोल्टांकडे बघत बसतो.

आता शक्तिमान. १९५६ मध्ये आपल्याकडे मापं-वजनांचा कायदा झाला आणि १९५८ पासून मीटर-किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाले. १९५९ मध्ये जर्मन मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला शक्तिमान बनू लागला, तोही इंग्रजी इंचांवर वाढलेल्या त्याच गन कॅरेज फॅक्टरीत. जर्मन गाडी म्हणजे आटे मिलिमीटरचे. इंचांवर आयुष्य काढलेल्या कारागिरांच्या हाती आता एम १०, एम १२ च्या डाय आल्या. भाषणांनी किती फरक पडला असता ठाऊक नाही. डाय बदलल्या आणि आपली मापं बदलली, मँचेस्टरला झालं होतं तसंच. पुढे टी-५५ आणि टी-७२ हे रशियन रणगाडे आले, तेही मिलिमीटरचेच.

पण जुनी यंत्रं फौज एका दिवसात फेकून देत नाही. म्हणून आमच्या डायपेटीत आजही सगळे शेजारी-शेजारी असतात.

एका उंचावरच्या ठाण्यावर असताना जुन्या ट्रेलरचा अर्धा इंची नट हरवला. खालच्या बाजारातून अर्धा इंची नट आला. तीन-चार फेरे छान गेला आणि अडकला. एक नवा पोरगा पान्याला पाइप लावून जोर करणार तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "थांब. नट वाकडा नाही, देश वेगळा आहे." बोल्टवर इंचाला १२ आटे, नटात १३. सहा फेऱ्यांत अर्ध्या आट्याचा फरक पडतो. जोर केला असता तर दोन्हींचे आटे गेले असते आणि ट्रेलर तिथेच राहिला असता.

अडकला तर निदान कळतं. खरा धोका न अडकणाऱ्याचा. पाव इंच, पाच षोडशांश इंच आणि तीन अष्टमांश इंच या जाड्यांना व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाड आट्यांची संख्या एकच आहे: २०, १८ आणि १६. नट हाताने शेवटपर्यंत जातो. पण एकाचा कोन ५५, दुसऱ्याचा ६०. आट्याच्या बाजू एकमेकींवर पूर्ण टेकत नाहीत, भार एका अरुंद पट्टीवर येतो. वर्कशॉपमध्ये तो घट्ट वाटतो, आणि घाटात धक्के खाऊन ढिला होतो. तसंच बीएमधला शून्य नंबरचा स्क्रू ६ मिलिमीटरचा, आटा १ मिलिमीटरचा, म्हणजे थेट एम ६ सारखाच दिसणारा. कोनात मात्र साडेबारा अंशांचा फरक.

म्हणून डाय निवडताना उस्तादांनी लावलेला क्रम आजही पाळतो. आधी यंत्र कुठल्या देशाचं आणि कुठल्या काळातलं ते बघायचं. पान्यावरूनही कळतं: जुन्या इंग्रजी पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या तोंडाचा नसतो. मग व्हर्नियरने जाडी मोजायची. मग थ्रेड गेजचं पातं आट्यांत बसवून उजेडाकडे धरायचं. फट दिसली तर संख्या जुळूनही कोन चुकलाय. हे तिन्ही जुळलं की मगच डायवर कोरलेलं वाचायचं.

नवा आटा पाडायचा असेल तर चिरलेली गोल डाय घ्यायची, कारण हँडलच्या स्क्रूंनी ती थोडी उघडता-आवळता येते. पहिला हात उघड्या डायने, नट लावून बघायचा, मग आवळून दुसरा. षटकोनी डायनट फक्त बिघडलेले आटे साफ करायला. तो कोऱ्या सळईवर चालवू नये. सळई मापापेक्षा किंचित बारीक हवी, एम १० साठी साधारण ९.८५ मिलिमीटर. तोंड कानशीने उतरतं करायचं, डायची अक्षरं असलेली बाजू सळईकडे, तेल भरपूर. आणि दर अर्ध्या-एक फेऱ्याला थोडं उलटं फिरवायचं म्हणजे बुरा तुटतो.

नवीन पोरं विचारतात, आता सगळं मेट्रिकच येतं, हे जुनं कशाला शिकायचं? मी त्यांना पेटी उघडून एकेक डाय हातात देतो आणि वाचायला लावतो. समोर आलेली गाडी कुठल्या सालची असेल हे आपल्या हातात नसतं. तिच्या बोल्टवर कुठली डाय चालवायची हे मात्र आपल्या हातात असतं, आणि ती गाडी घेऊन घाट उतरणारा ड्रायव्हर आपलाच असतो.