क्लोनिसची गाठ : क्रोशाकामाच्या इतिहासातील एक पान

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात क्रोशाच्या विणकामावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संतवाङ्मय, नाट्यपरंपरा, इतिहाससंशोधन अशा विषयांच्या पंगतीत दोऱ्याच्या गुंडीचे पान मांडताना प्रस्तुत लेखिकेलाही संकोच वाटला. परंतु कोणत्याही जुन्या ग्रंथालयात विणकाम, भरतकाम आणि पाककृती यांची पुस्तके एका बाजूच्या फळीवर असतात. त्यांचे पुठ्ठे इतरांपेक्षा लवकर निखळतात. आणि परत आलेल्या प्रतीत खुणेसाठी घातलेला दोऱ्याचा तुकडा हमखास सापडतो. ज्या पुस्तकांचा वापर इतका होतो, त्यांच्या इतिहासाकडे मात्र आपण क्वचितच पाहतो. त्या इतिहासातील एका लहानशा गाठीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

या गाठीशी माझी ओळख शाळकरी वयात झाली. आमच्या घरी आत्या क्रोशाचे रुमाल आणि तोरणे विणीत असे. साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब हे शब्द तिच्या तोंडी सहज असत. एकदा वाचनालयातून विणकामाचे एक इंग्रजी पुस्तक मी घरी आणले. त्यात जाळीच्या धाग्यांवर ज्वारीच्या दाण्यांसारख्या टपोऱ्या गाठी ओळीने बसविलेल्या होत्या. तीन दुपारी खटपट करूनही मला एकही गाठ साधली नाही. आत्याला इंग्रजी येत नव्हते. अखेर ती म्हणाली, "तू नुसतं वाच, मी हात चालवते." मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले आणि तिच्या सुईवर गाठ आकार घेऊ लागली.

कृती ऐकायला सोपी आहे. दोन-तीन साखळ्या घालून सुईवरचा फास थोडा लांब ओढावयाचा. मग दोरा सुईवर घ्यावयाचा, सुई त्या लांब केलेल्या फासाखालून नेऊन पुन्हा दोरा पकडावयाचा आणि वर यावयाचे. असे एकदा वरून, एकदा खालून, दहा-बारा वेढे झाले की डाव्या हाताच्या चिमटीत ते सगळे धरून दोरा त्यांच्यामधून एका दमात ओढून काढावयाचा, आणि गाठीच्या मुळाशी मुका खांब घालून ती जागेवर पक्की करावयाची. माझे चुकत होते ते दोन ठिकाणी. मी वेढे घट्ट घालीत असे, त्यामुळे सुईचा आकडा त्यांच्यातून निघतच नसे; आणि एखादा निघालाच, तर शेवटचा मुका खांब घालण्याची घाई करून तो भलत्याच धाग्यात अडकवीत असे. मग गाठ साखळीवरून घसरत जाई. वेढे किती सैल असावेत, हे पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते आत्याने माझे बोट आपल्या बोटाखाली धरून दाखविले. या गाठीचे नाव 'क्लोनिस नॉट' आहे आणि क्लोनिस हे आयर्लंडमधील एका गावाचे नाव आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

क्रोशाची कला फार प्राचीन असावी असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तसा पुरावा नाही. 'क्रोशे' हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आकडा असा आहे. डेन्मार्कच्या अभ्यासक लिस पालुदान यांनी युरोपातील जुन्या वस्तू व पुस्तके धुंडाळली, तेव्हा आजच्या अर्थाने क्रोशे म्हणता येईल असे काम १८०० पूर्वीचे निश्चितपणे सापडले नाही. त्याचे पहिले छापील नमुने १८२३ च्या सुमारास 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात आले. त्याआधी अठराव्या शतकात युरोपात एक वेगळे भरतकाम लोकप्रिय झाले होते. डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून बारीक आकड्याने त्यावर साखळीटाका घालावयाचा, असे ते काम. डफाला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याला 'तांबूर' म्हणत. हे तंत्र पूर्वेकडून युरोपात गेले. कच्छमधील मोची कारागीर चामडे शिवण्याच्या आरीने जे भरतकाम करीत, त्याच्याशी याचे सख्खे नाते आहे. पुढे कोणाच्या तरी हातून खालचे कापड गळाले आणि साखळी हवेतच विणली जाऊ लागली. क्रोशे जन्मले ते असे, हे मत अनेक अभ्यासकांना ग्राह्य वाटते.

या नव्या कलेला भाकरीचे मोल आले ते आयर्लंडमध्ये. १८४५ साली तेथील बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गोरगरिबांचे सारे अन्न त्या एका पिकावर अवलंबून होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. या काळात कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींनी आपल्या शाळेत मुलींना क्रोशे शिकविले. भांडवल म्हणून एक सुई आणि सुती दोऱ्याची गुंडी एवढेच लागे. झोपडीच्या उंबऱ्याशी बसून काम करता येई. शिवाय व्हेनिसच्या सुईकामाच्या लेससारखा भरीव देखावा क्रोशाने पुष्कळ कमी वेळात साधत असे. श्रीमंत घरांतून अशा गळपट्ट्यांना आणि बाह्यांच्या झालरींना मागणी होती.

देशाच्या उत्तर भागातील मोनहन परगण्यात क्लोनिस हे गाव आहे. तेथील धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, किल्डेअर परगण्यातून शिक्षिका आणवून गावातील स्त्रियांना हे काम शिकविण्याची व्यवस्था केली. अल्पावधीत क्लोनिस हे क्रोशा-लेसचे मोठे केंद्र झाले. गुलाब, द्राक्षांचे घोस, तिपानी पाला असे नमुने सुटे विणले जात. फुलाच्या पाकळ्यांना उठाव यावा म्हणून जाड दोऱ्याची दोरी आत घेऊन तिच्यावर मुके खांब घालीत. मग हे सुटे नमुने कापडावर मांडून त्यांच्यामधील जागा जाळीने भरून काढावयाच्या. इतरत्र ही जाळी साध्या साखळीची किंवा बारीक टोकांची असे. क्लोनिसच्या बायकांनी तिच्या धाग्याधाग्यावर ती टपोरी गाठ बसविली आणि त्या गावाची लेस नुसत्या बोटांनी चाचपूनही ओळखू येऊ लागली.

या कामाची वाटणीही ध्यानात घेण्याजोगी आहे. एका घरी गुलाब, दुसऱ्या घरी पान, तिसऱ्या घरी जोडणी, असे ते चाले. आपल्या घरचा नमुना शेजारणीला दिसू नये म्हणून दार लोटून घेत, असे सांगतात. त्यात कोतेपणा शोधणे अन्यायाचे होईल. गुलाब विणण्याची युक्ती हीच ज्या घरची शेती होती, ते घर तिला कुंपण घालणारच. त्या कमाईवर कित्येकांच्या चुली पेटल्या आणि कित्येकांनी अमेरिकेच्या जहाजाचे भाडे जमविले. परंतु कुंपणाची दुसरी बाजूही होती. विणणारी गेली किंवा परदेशी निघून गेली की तिच्या घरचा नमुनाही तिच्याबरोबर जाई.

याच सुमारास हीच कला दुसऱ्या एका मार्गाने, म्हणजे छापखान्यातून, घरोघर पोहोचत होती. लंडनमध्ये राहणाऱ्या एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या तरुणीने १८४६ पासून विणकामाच्या पुस्तिका प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढील आयुष्यात तिने सत्तरांहून अधिक पुस्तिका लिहिल्या, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तिच्या कामाला पदक मिळाले. त्यानंतर १८८६ मध्ये तेरेझ द दिल्माँ या ऑस्ट्रियन विदुषीचा सुईकामाचा ज्ञानकोश आला. अल्सास प्रांतातील म्युलूझजवळच्या दोरा-कारखान्याच्या, म्हणजे आजही ज्याचा दोरा आपल्या बाजारात मिळतो त्या 'डीएमसी'च्या, सहकार्याने निघालेला हा ग्रंथ अनेक भाषांत गेला. हात कसा धरावा, दोरा कोणत्या बोटावरून घ्यावा, हे त्यातील रेखाचित्रांनी प्रथमच इतक्या नेमकेपणाने दाखविले.

छापील अक्षराला स्वतःचे दोषही असतात. ब्रिटिश पुस्तकात 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ आपला खांब. हे ठाऊक नसल्याने आमच्या घरी एका रुमालाच्या जागी टोपी तयार झाली, कारण काठाशी जेथे उंच खांब हवे होते तेथे आम्ही मुके खांब घालीत गेलो आणि घेर आवळत गेला. आत्याच्या मराठी शब्दांत असा घोटाळा नव्हता. खांब म्हणजे खांब, आणि ज्याला उंची नाही तो मुका. परदेशातून आलेल्या या कलेला आपल्या बायकांनी नावे दिली ती घराच्या बांधणीतली. ती कोणत्या विद्वत्सभेने ठरविली नव्हती.

यंत्रावर विणलेली स्वस्त लेस, बदलती फॅशन आणि पहिले महायुद्ध यांमुळे आयर्लंडमधील हा उद्योग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मंदावला. तो नामशेष झाला नाही याचे श्रेय दोघांना द्यावे लागते. एक, ज्या थोड्या वृद्ध स्त्रियांच्या हातात गाठ शिल्लक होती त्यांना. आणि दुसरे, ज्यांनी त्यांच्याजवळ बसून ती टिपून घेतली त्यांना. क्लोनिस येथे मारी ट्रेनर यांनी असे काम केले आणि २००२ मध्ये तेथील लेसचा इतिहास व नमुने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. दार लोटून जपलेली युक्ती अशा रीतीने पुस्तकाच्या उघड्या पानावर आली.

ही हकीकत दूरदेशीची म्हणून येथेच सोडून देता आली असती. परंतु तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड करीत आपली गोदावरी पूर्वेकडे जाते. समुद्राला मिळण्यापूर्वी तिच्या वसिष्ठ शाखेच्या काठी आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या परिसरातील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. पुढे व्यापाऱ्यांनी ती परदेशी पाठविण्यास आरंभ केला. दोरा व्यापाऱ्याचा, काम घरी, मजुरी नगावर. आणि येथेही फुले एका घरी तर जोडणी दुसऱ्या घरी. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या या स्त्रियांचा अभ्यास करून १८८२ नव्हे, तर अगदी अलीकडे, १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की, दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या या विणकरणींना कामगार म्हणून कोणी मोजतच नव्हते. त्या 'गृहिणी', आणि त्यांचे काम म्हणजे 'फावल्या वेळेतील छंद'. छंदाला किमान वेतन कोण देणार? २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा-लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. लेसला नाव मिळाले. विणणारीच्या पदरात त्यातून काय पडते, याची मोजदाद मात्र करीत राहावी लागेल.

क्लोनिस आणि नरसापूर यांना शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. या कलेच्या इतिहासात आश्रयदात्रींची, लेखिकांची आणि कारखान्यांची नावे आहेत, कारण ती छापली गेली. ज्या स्त्रीने जाळीच्या साध्या धाग्यावर पहिल्यांदा ते वेढे घालून पाहिले, तिचे नाव कोठेही नाही. गाठीला गावाचे नाव मिळाले, बाईचे नाही. एक शिकते, दुसरी शिकविते, तिसरी लिहिते. आणि स्मरणात राहते ती तिसरी. हे बदलावयाचे तर लिहिणारीने शिकविणारीजवळ बसले पाहिजे आणि तिचे नाव पानावर घातले पाहिजे.

आपल्या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात पदार्पण करताना एक लहान काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. या शहरातील मराठी घरांत अजूनही काही पेट्यांच्या तळाशी क्रोशाचे जुने रुमाल, मण्यांची झाकणे, वहीच्या पानांवर पेन्सिलीने उतरविलेले नमुने आहेत. ते कोणी विणले, कोणाकडून शिकले, कोणत्या टाक्याला काय म्हणत, हे सभासद भगिनींनी लिहून द्यावे आणि ग्रंथालयाने ते एका वहीत जपावे. माझ्या आत्याने त्या दुपारी विणलेली सात गाठींची पट्टी माझ्यापाशी आहे. तिच्या शेवटच्या टोकाला आठवी गाठ माझी आहे. ती थोडी सैल आहे, पण घसरलेली नाही. ती पट्टी, आणि तिच्यासोबत कृतीचा मराठी कागद, या वहीसाठी मी ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे.