लेखणीला महाजालाची साथ

आवडत्या कादंबरीचे शेवटचे पान उलटले तरी त्यातील माणसे वाचकाच्या मनातून उठून जात नाहीत. पुढे त्यांचे काय झाले असेल, अमुक वळणावर नायिकेने वेगळा निर्णय घेतला असता तर काय घडले असते, हीच कथा एखाद्या दुय्यम पात्राने कशी सांगितली असती, असे प्रश्न पडत राहतात. या प्रश्नांची उत्तरे शोधताना चाहते ज्या कथा लिहितात, त्यांना जगभर ‘फॅन फिक्शन’ म्हटले जाते. नाव नवे असले तरी वृत्ती जुनीच आहे. महाभारतातील आख्यानावरून वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) लिहिली, शिवाजी सावंतांनी कर्णाची कहाणी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) नव्याने मांडली. त्याही आधी गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ला ‘झुंझारराव’ हा मराठी वेष चढवला होता.

आजच्या हौशी लेखकापाशी लेखणीच्या जोडीला महाजालही आहे. शब्दकोश, जुने ग्रंथ, लेखनाची साधने आणि वाचकांपर्यंत नेणारी संकेतस्थळे घरबसल्या आणि बहुतांशी विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र नेमके काय कशासाठी वापरावे आणि कोठे सावध राहावे, हे ठाऊक नसल्यास वर्षानुवर्षांचे लेखन एका दिवसात नाहीसे होऊ शकते. तसे यापूर्वी अनेकदा झालेही आहे.

आधी अक्षर, मग कथा

मराठीत लिहिणाऱ्याची पहिली गरज म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावरही तसेच दिसेल असे अक्षर. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये प्रत्येक उत्पादकाने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. त्यामुळे तोच फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एकच जागतिक क्रमांक दिल्याने ही अडचण सुटली. कळफलकासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही प्रमाणित रचना शिकून घेणे दीर्घ लेखनासाठी सर्वांत फायद्याचे ठरते. ती बहुतेक सर्व संगणकांत आधीपासूनच असते. ज्यांना रोमन अक्षरांवरून उच्चारानुसार टंकलेखन करण्याची सवय आहे, त्यांना गुगलची साधने उपयोगी पडतात. मोबाइलवर बोलून मजकूर उतरवण्याची सोय २०१७ पासून मराठीतही आहे. संवाद लिहिताना ती विशेष कामी येते. विरामचिन्हे आणि जोडाक्षरे मात्र नंतर तपासावीच लागतात.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता येतो. ‘ॲ’ हे अक्षरही कोणी एकसंध टंकतो, तर कोणी ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. परिणामी तीनशे पानांच्या कादंबरीत एखादे नाव शोधून बदलताना निम्म्या जागा सुटून जातात. म्हणून संपूर्ण लेखनासाठी एकच कळफलक वापरणे हिताचे.

शब्दांचे कोठार

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ने मराठीचे अनेक महत्त्वाचे कोश शोधयोग्य स्वरूपात खुले केले आहेत. त्यात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे, तसेच य. रा. दाते आदी संपादकांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. संत आणि महानुभाव वाङ्मयातील भाषेसाठी शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही तेथे पाहता येतो.

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यास हे कोश म्हणजे मोठाच आधार. ‘महापौर’, ‘दूरध्वनी’ हे विसाव्या शतकात घडवलेले शब्द. पेशवाईतील पात्राच्या तोंडी तसा शब्द आला की जाणत्या वाचकाचा रसभंग होतो. एखादा शब्द मोल्सवर्थमध्ये सापडला, तर तो १८५७ पूर्वी प्रचारात होता याची खात्री पटते. न सापडल्यास लगेच तो बाद करू नये, पण शंका घ्यायला जागा आहे असे समजावे.

समानार्थी शब्द आणि अर्थच्छटा शोधण्यासाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला ‘मराठी शब्दबंध’ उपयोगी आहे. विषयाची माहिती हवी असल्यास मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर वाचता येतात. शुद्धलेखनासाठी लिबरऑफिस या मोफत प्रणालीला मराठी शब्दतपासणीची जोड देता येते. तरीही यंत्राला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांपैकी कोणता शब्द वाक्यात हवा हे उमगत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम एकदा मनापासून वाचण्याला पर्याय नाही.

काळ आणि स्थळ उभे करताना

कथेतील गाव, बाजार, नाणी, पीकपाणी यांचे तपशील खरे असतील तरच वाचक कथेवर विश्वास ठेवतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड उपलब्ध आहेत. एकोणिसाव्या शतकातील जिल्ह्यांचे रस्ते, जत्रा, व्यवसाय आणि बाजारपेठा यांची माहिती त्यांत जिल्हावार मिळते. जुनी मराठी पुस्तकेही तेथे मोठ्या संख्येने स्कॅन केलेली आहेत. मात्र एखादे पुस्तक तेथे दिसते म्हणून ते स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, असे समजू नये.

कथा ठेवावी कोठे?

‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हे १९९८ साली सुरू झालेले संकेतस्थळ या प्रकारातील जुन्या मोठ्या भांडारांपैकी एक. पण २००२ मध्ये त्याने प्रौढांसाठीच्या कथांवर बंदी घातली आणि तेथील असे लेखन हटवले गेले. २००७ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ने शेकडो खाती एकाएकी बंद केली, त्यांत चाहत्यांची खातीही होती. २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ बंद पडले, तेव्हा त्यावरील असंख्य व्यक्तिगत पानांपैकी स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी उतरवून घेतली तेवढीच उरली.

दुसऱ्याच्या जागेत भाडेकरू म्हणून राहण्याचा हा धोका ओळखून चाहत्यांनीच २००७ मध्ये ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. तिचे ‘अर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे भांडार नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते जाहिरातींशिवाय, देणग्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि आज त्यावर एक कोटीहून अधिक कृती आहेत. वाचण्यासाठी खाते लागत नाही. लिहिण्यासाठी निमंत्रणाच्या रांगेत नाव नोंदवावे लागते. प्रत्येक कथेला मूळ कृती, पात्रे आणि आशयाचा इशारा यांच्या खुणा जोडलेल्या असतात, त्यामुळे हवे ते शोधणे आणि नको ते टाळणे सोपे जाते. नाव काढून घ्यायचे, पण कथा वाचकांसाठी राहू द्यायची, अशीही सोय येथे आहे. मात्र या भांडारावर कथेच्या बदल्यात पैसे मागता येत नाहीत.

स्वतंत्र कथांसाठी कॅनडात २००६ मध्ये सुरू झालेले ‘वॉटपॅड’ आणि बेंगळुरूहून २०१४ पासून चालणारे ‘प्रतिलिपि’ हे पर्याय आहेत. ‘प्रतिलिपि’वर मराठी कथामालिकांना मोठा वाचकवर्ग लाभला आहे. अमेरिकेतील मराठी भाषकांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘मायबोली’वर कथा टाकल्यास मोकळा आणि कधी कठोर अभिप्राय मिळतो. नवोदिताला अशा अभिप्रायाची कौतुकाहून अधिक गरज असते. कोठेही कथा देण्यापूर्वी तेथील शर्ती वाचाव्यात. प्रकाशनाचा, ध्वनिरूपांतराचा वा चित्रपटाचा हक्क आपण कोणाला आणि किती काळासाठी देत आहोत, हे ‘मान्य आहे’वर टिचकी मारण्याआधी कळलेले असावे.

कायद्याची लक्ष्मणरेषा

भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे ‘ययाति’वरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत राहील. पु. ल. देशपांडे यांच्या साहित्याबाबत हीच मुदत २०६० ची. ययातीचे महाभारतातील आख्यान मात्र कोणाच्याही मालकीचे नाही. त्यामुळे त्यावर नवी कथा कोणीही लिहू शकतो, पण खांडेकरांनी कल्पिलेले प्रसंग उचलता येत नाहीत.

कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या आविष्कारावर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्ये स्पष्ट केले. मूळ मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या वादात केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये टीकेच्या हेतूला महत्त्व देऊन प्रतिनाटककाराच्या बाजूने कौल दिला. तथापि भारतीय कायद्यात फॅन फिक्शनला नाव घेऊन सूट दिलेली नाही. मूळ लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही कायद्याने त्याला दिला आहे. म्हणून मूळ लेखकाचे नाव द्यावे, त्याची वाक्ये उचलू नयेत आणि हक्क शाबूत असलेल्या कृतीवरील कथेतून परवानगीवाचून पैसे मिळवण्याच्या मोहात पडू नये.

सवय आणि जपणूक

नोव्हेंबर महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम १९९९ मध्ये एकवीस जणांनी सुरू केला आणि तो जगभर पसरला. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवले. पण दिवसाला सुमारे १६६७ शब्द हा हिशेब कोणत्याही संस्थेविना पाळता येतो. मित्रमंडळी आणि एक सामायिक तक्ता एवढे भांडवल त्याला पुरते. प्रकरणे, पात्रे आणि टिपणे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्यासाठी ‘वायरायटर’ हे मोफत, तर ‘स्क्रिव्हनर’ हे विकत मिळणारे साधन आहे. विकत घेण्याआधी त्यात मराठी जोडाक्षरे नीट उमटतात का, हे चाचणी आवृत्तीत पाहून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र अगदी साधे आहे. प्रत्येक कथेची एक प्रत स्वतःच्या संगणकावर, दुसरी पेन ड्राइव्हसारख्या सुट्या साधनावर आणि तिसरी महाजालावरील खात्यात असावी. त्यांपैकी एक प्रत साध्या युनिकोड मजकुराच्या स्वरूपात ठेवावी, कारण ती उघडण्यासाठी विशिष्ट प्रणालीची गरज लागत नाही. तारीख घातलेल्या या प्रती उद्या लेखनचोरीचा वाद झालाच, तर लेखकाच्या बाजूने साक्षही देतील. संकेतस्थळे येतील आणि जातील. कथा टिकवण्याची जबाबदारी अखेर लिहिणाऱ्याचीच आहे.