दहा-एक

आपण भारताच्या फुटबॉल संघाचे चाहते आहोत असं चारचौघांत सांगितलं की समोरचा हमखास दोनपैकी एक गोष्ट ऐकवतो. पहिली, "आपले लोक अनवाणी खेळायचे म्हणून वर्ल्डकपमध्ये घेतलं नव्हतं ना रे?" आणि दुसरी, "बासष्टला एशियन गेम्सचं गोल्ड मिळालं होतं म्हणे. चमत्कारच!" यातली दुसरी गोष्ट २०२४ साली 'मैदान' आला तेव्हापासून जरा जास्त कानावर येते.

या दोन्ही गोष्टींचा मला कंटाळा आलाय. पहिलीत आपण बिचारे असतो आणि दुसरीत नशीबवान. संघ म्हणून काही केलं, हे दोन्हींत कुठेच नाही. म्हणून आज मला सांगायचीय ती तिसरी गोष्ट. ती सुरू होते एका लाजिरवाण्या स्कोअरपासून, दहा-एक.

पण आधी त्या अनवाणी पायांचा निकाल लावू. १९५० च्या ब्राझील वर्ल्डकपसाठी भारत पात्र ठरला होता हे खरं. कसा, तर गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली म्हणून. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नाव पडलं आणि मग आपणच गेलो नाही. आता अनवाणी पायांचंच म्हणाल, तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले होते आणि कुणी अडवलं नव्हतं. त्या सामन्यात दोन पेनल्टी वाया घालवून आपण २-१ असे हरलो. रामनने मारलेला गोल हा आपला ऑलिंपिकमधला पहिला. मग ब्राझीलला का नाही गेलो? तर फुटबॉल संघटनेला तेव्हा ऑलिंपिक हेच सर्वस्व वाटायचं. कर्णधार शैलेन मन्नांनीही पुढे सांगितलं होतं की वर्ल्डकपचं महत्त्वच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. थोडक्यात, बुटांचा प्रश्न नव्हता, दृष्टीचा होता. अनवाणी पायांची गोष्ट मात्र ऐकायला गोड, म्हणून ती टिकली.

१९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवून आपण सुवर्णपदक घेतलं. झालं, आपण आशियाचे राजे! दुसऱ्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. थंडी, परका देश आणि आपले काही खेळाडू अजून अनवाणीच. निकाल १०-१. आपला एकमेव गोल अहमद खानचा. हाच युगोस्लाव्हिया पुढे अंतिम फेरीत गेला आणि पुश्काशच्या हंगेरीकडून हरून रौप्यपदक घेऊन परतला. म्हणजे मारणारा काही ऐरागैरा नव्हता. पण दहा म्हणजे दहाच.

आता मजा बघा. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात हेच दोन देश पुन्हा समोरासमोर आले आणि दुसऱ्या डावात पहिला गोल भारताने केला! मधल्या चार वर्षांत काय घडलं, हा माझ्या मते भारतीय फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

उत्तराची सुरुवात एका शाळामास्तरापासून होते. सय्यद अब्दुल रहीम, मुक्काम हैदराबाद. १९४३ पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. आपल्या मुंबईकरांनी या माणसाची किमया अगदी घरच्या मैदानावर पाहिली होती, कारण कूपरेजवर होणारा रोव्हर्स कप रहीमसाहेबांच्या हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं उचलला. (१८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा २००० च्या सुमारास बंद पडली. आज चर्चगेटला उतरणाऱ्या किती लोकांना रोव्हर्स आठवत असेल देव जाणे. असो.)

हेलसिंकीलाही रहीमसाहेबच प्रशिक्षक होते, हे फार महत्त्वाचं. दहा गोल खाल्ल्यावर दोन मार्ग असतात. थंडीला दोष देऊन मोकळं व्हायचं, किंवा दहाच्या दहा गोल कुठून आले ते शोधत बसायचं. आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की रात्रभर लॉग वाचत बसतात ना, तसं. आपल्याकडे तेव्हा खेळ चालायचा ड्रिब्लिंगवर. बॉल मिळाला की दोघा-तिघांना चकवायचं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. कोलकात्याच्या ओल्या मैदानावर ते खपून जायचं, कडक पोलादी युरोपियन संघापुढे नाही. रहीमसाहेबांनी हैदराबादेत ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. फक्त कमजोर पायाने खेळायचं, असेही सामने लावले. बॉल एका स्पर्शात पुढे द्यायचा आणि स्वतः पळायचं. सगळ्यांनी बूट घालून खेळायचं हेही त्याच काळात सक्तीचं झालं. आणि संघ जवळजवळ नवा बांधला. मन्ना, मेवालाल, अहमद खान ही हेलसिंकीची मोठी नावं मेलबर्नला नव्हती. त्यांच्या जागी विशीतली पोरं होती, पी. के. बॅनर्जी, बलराम वगैरे.

आणि नेव्हिल डिसूझा. जन्म गोव्यातल्या आसगावचा, फुटबॉल मुंबईचा, टाटा संघाचा. १९५६ साली गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि त्या गोव्यात जन्मलेला हा गडी मेलबर्नला भारतासाठी खेळत होता. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण ४-२ जिंकलो आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या स्पर्धेत एकूण चार गोल करून तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत बसला. आपल्याकडे सचिनची चौतिसावी सेंच्युरी कुठल्या गावात झाली ते सांगणारे लोक आहेत. त्यांना नेव्हिल डिसूझा कोण विचारून बघा.

चाहता असलो तरी हिशेब सरळ मांडायला हवा. मेलबर्नला जेमतेम अकरा संघ आले होते. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने आपण न खेळताच पुढे गेलो. म्हणजे एकच सामना जिंकून उपांत्य फेरी. युगोस्लाव्हियाविरुद्ध ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला खरा, पण पुढच्या तेरा मिनिटांत त्यांनी तीन मारले आणि शेवट ४-१ असा झाला. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० हरवलं. आपल्या देशी स्पर्धांचे सामने तेव्हा ७० मिनिटांचे असायचे, हेही लक्षात ठेवा. पूर्ण ९० मिनिटं पळायची सवय लागणार कुठून? तरीही १०-१ वरून ४-१ हा प्रवास खोटा नाही. त्याच दौऱ्यात सिडनीला आपण ऑस्ट्रेलियाला ७-१ ने धुतलं, तेव्हा तर वॉकओव्हरचा प्रश्नच नव्हता.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर या संघाची सर्वोत्तम कामगिरी मेलबर्नही नाही आणि जकार्ताही नाही. ती आहे १९६० चं रोम, जिथे आपण एकही सामना जिंकलो नाही! फ्लोरियान आल्बेर्टच्या हंगेरीशी २-१ असे हरलो, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली आणि पेरूकडून ३-१ हरलो. गटात शेवटचे. पण गट बघा ना. हंगेरी पुढे ब्राँझ घेऊन गेली. तिच्यापुढे भारत ७९ व्या मिनिटाला गोल करतो आणि एका गोलने हरतो. हेलसिंकीला आठ वर्षं झाली होती. पदकांच्या यादीत अशा सामन्याला जागा नसते, पण संघ कुठवर आलाय हे अशाच सामन्यात कळतं. भारत त्यानंतर आजवर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये खेळलेला नाही.

त्या संघातल्या तिघांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. पी. के. म्हणजे उजव्या बगलेवरचा वेग आणि तोफेसारखा फटका. चुनी गोस्वामी म्हणजे नजाकत. हा चुनी क्रिकेटही खेळायचा. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचा कर्णधार तोच होता. आणि तुलसीदास बलराम. सगळे पी. के. आणि चुनीची नावं घेतात, माझं मत मात्र बलरामला. पुढच्या फळीत कुठेही खेळवा, खेळणार. रोमच्या आपल्या तीन गोलांपैकी दोन त्याचे. आजारपणामुळे ऐन उमेदीत त्याला खेळ सोडावा लागला. पी. के. आणि चुनी २०२० मध्ये गेले, बलराम २०२३ मध्ये. त्यांच्या खेळाचं चित्रीकरण आपल्याकडे जवळजवळ नाही, त्यामुळे माझ्या पिढीचं हे प्रेम सगळं वाचीव आणि ऐकीव. काय करणार.

आता जकार्ता, १९६२. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. मग थायलंडवर ४-१, पण त्यात बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन सहा टाके पडले. जपानवर २-०. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. इथे रहीमसाहेबांनी काय करावं? टाके घातलेल्या जर्नेलला बचावातून काढून थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. आपण ३-२ जिंकलो, चुनीचे दोन, जर्नेलचा एक. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. तापातून उठलेला थंगराज गोलमध्ये. स्टेडियममध्ये लाखभर लोक आणि सगळे भारताच्या विरोधात. कारण इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं आणि त्याला भारताच्या गुरुदत्त सोंधींनी जाहीर हरकत घेतली होती. आपल्या बाजूने ओरडणाऱ्या मोजक्या लोकांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता! १७ व्या मिनिटाला पी. के., २० व्या मिनिटाला जर्नेल. कोरियाचा गोल ८५ व्या मिनिटाला आला, तोवर उशीर झाला होता. २-१.

मधल्या फळीत त्या दिवशी फॉर्च्युनाटो फ्रँको होता. मूळचा गोव्यातल्या कोलवाळचा, हाही मुंबईच्या टाटा संघाचा. २०२१ मध्ये तो गेला तेव्हा पेपरात आतल्या पानावर बातमी होती.

आता सांगा, यात चमत्कार कुठे आहे? डोक्याला टाके असलेला माणूस हेडरने गोल मारतो ही शौर्यकथा झाली. पण बचावपटूला पुढे खेळवायचं धाडस प्रशिक्षक केव्हा करतो? जेव्हा त्याला प्रत्येक खेळाडू आतून बाहेरून माहीत असतो आणि त्याची जागा भरून काढणारा अरुण घोषसारखा माणूस हाताशी असतो तेव्हा. कुणी कुठेही खेळलं तरी बॉल एका स्पर्शात पुढे जाणार, ही सवय अंगी मुरलेली असते तेव्हा. जकार्ताच्या त्या नव्वद मिनिटांमागे हेलसिंकीनंतरची दहा वर्षं होती.

आणि गोष्टीचा कडू भागही इथेच आहे. जकार्तात रहीमसाहेब आजारी होते. ११ जून १९६३ ला कॅन्सरने ते गेले. १९६४ च्या आशिया कपमध्ये आपण उपविजेते ठरलो, १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत ब्राँझ मिळालं, पण ती जुन्या इंधनावर चाललेली गाडी होती. आशियाई खेळांत फुटबॉलचं पदक त्यानंतर आजवर नाही. सॉफ्टवेअरवाले याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात, ना कुठे लिहिलेलं, ना कुणाला सोपवलेलं. तो माणूस गेला की सिस्टिम बसली. दोष रहीमसाहेबांचा नाही. त्यांच्यामागे देशभर प्रशिक्षकांची फळी उभी करायचं काम संघटनेचं होतं आणि ते झालं नाही. तोवर जपान आणि कोरिया, ज्यांना आपण जकार्तात हरवलं होतं, ते कामाला लागले होते.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला. आधी छांगतेने गोल करून आघाडी मिळवून दिली होती, तरीही. २०२७ च्या आशिया कपची दारं बंद झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ठरलेलं वाक्य ऐकलं, "आपल्या रक्तातच फुटबॉल नाही रे." चमत्काराची गोष्ट सांगत बसलं की हे वाक्य आपोआप खरं वाटायला लागतं. बासष्ट चमत्कार असेल तर तो पुन्हा होण्याची वाट बघण्यापलीकडे आपल्या हातात काय उरतं? पण बासष्ट हे दहा वर्षांचं काम असेल, तर ते काम आता कोण करतंय, किती गावांत करतंय आणि त्याची वही कोण लिहितंय, हे संघटनेला विचारता येतं.

जग तेव्हापेक्षा फार पुढे गेलंय, मान्य. एक मास्तर आता पुरणार नाही. पण सिंगापूरकडून २-१ म्हणजे काही जगबुडी नाही. यापेक्षा आठ गोल जास्त खाऊन आपण एकदा उठलेलो आहोत.