आडनावाची वाडी

सातारा-सांगलीचा नकाशा उघडला की शिंदेवाडी, जाधववाडी, पवारवाडी अशी नावं जागोजाग भेटतात. संस्कृत 'वाटिका', म्हणजे कुंपणाच्या आतली जागा, त्यावरून 'वाडी'. गावठाणापासून लांब पडलेली जमीन कसायला एखादी भावकी तिथेच राहायला गेली, की तिच्या आडनावाने वाडी ओळखली जाई. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आणि कराड स्टेशनाजवळची ओगलेवाडी यांच्या नावांचा साचा हाच आहे. एकीकडे लोखंडी नांगर आणि पंप झाले, दुसरीकडे काचसामान आणि प्रभाकर कंदील. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत ही विलायती कल्पना, असं सर्रास मानलं जातं. पण किर्लोस्करवाडीची कुळकथा तपासली तर तिची मुळं याच मातीत सापडतात. तिच्यातलं नवेपण मात्र कारखान्यापेक्षाही तिथे कोण राहिलं, यात आहे.

आधी जागेचं पाहू. बेळगावात नव्या उपनगरासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. 1910 साली तिथे वसाहत सुरू झाली. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. राजधानी खटावच्या बाजूला, आटपाडी पूर्वेला दुष्काळी पट्ट्यात आणि कुंडलचा तुकडा खाली कृष्णाकाठच्या बाजूला. पुणे-मिरज रेल्वे नेमकी या तुकड्याजवळून गेली होती. रेल्वेने आपला मार्ग चढउतार पाहून आखला, गावं पाहून नव्हे. म्हणून सातारा रोड, कुंडल रोड अशी स्टेशनं झाली. स्टेशनाच्या पाटीवरचा 'रोड' म्हणजे 'गाव इथे नाही, पुढे चालत जा' अशी सूचनाच. कारखान्याला हवी होती ती हीच जागा: रुळाला लागून, पण मोकळी. मोकळी म्हणजे माळरान. निवडुंगाच्या जाळ्या, अंगात रुतली की दिसतही नाहीत अशी त्यांची बारीक कुसं आणि जाळीत साप. ज्या निवडुंगाची शेताला वई घालतात, तोच इथे उपटून जागा करावी लागली. 'वाडी'च्या मूळ अर्थातलं कुंपण काढून ही वाडी वसली.

यावर कोणी म्हणेल, हे सारं लक्ष्मणरावांच्या चिकाटीचं फळ; भूगोलाला एवढं श्रेय कशाला? चिकाटी खरीच. पण ओगले बंधूंचा काच कारखानाही पंतप्रतिनिधींच्या आधाराने आणि गावापासून दूरच्या स्टेशनाशीच उभा राहिला. एकाच साच्यातून दोन वाड्या निघतात, तेव्हा साचाही पाहावा लागतो. दुसरा आक्षेप विलायती नमुन्याचा. इंग्लंडात साबणाच्या कारखान्याशेजारी पोर्ट सनलाइट 1888 पासून वसत होतं, हे खरं. रस्ते आणि घरं आखायची कल्पना तिथून आली असेलही. पण नाव 'पूर' किंवा 'नगर' असं भारदस्त न होता 'वाडी' झालं, म्हणजे लोकांना ती ओळखीची गोष्ट वाटली.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भावकीची वाडी भावकीची असते, इथे आडनाव मालकाचं आणि राहणारे दुसरेच. हा फरक मान्यच करायला हवा. नवेपण नेमकं तिथेच आहे. जुन्या वाडीत घर जन्माने मिळे, इथे हजेरीने. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या राखणीचं काम सोपवलं. गावकीने अशांना वेशीत घेतलं असतं का, हा प्रश्नच आहे. याच वाडीतून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं, 1930 साली 'स्त्री', 1934 साली 'मनोहर'. एखाद्या वाडीचा पत्ता मराठी घराघरांत मासिकावरून वाचला जावा, हे याआधी कुठे घडलं होतं?

1948 मध्ये औंध संस्थान विलीन झालं. वाडी 1949 साली दक्षिण सातारा जिल्ह्यात आली आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. जमीन देणारं राज्य गेलं, जिल्ह्याचं नाव बदललं, वाडी राहिली. कुंडल रोड स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं. पाटीवरचा 'रोड' गेला. उतरल्यावर पुढे चालत जायला नको, गाव आता इथेच होतं.