डोंग्यातला पाय

गडचांदूरच्या एका अंगाला वर्धा आहे, तर दुसऱ्या अंगाला पैनगंगा. वढ्याला दोघी एक होतात, चपराळ्याजवळ वैनगंगा भेटली की पुढच्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. वर्धेच्या खोऱ्यातला कापूस याच वाटेने समुद्रापर्यंत न्यावा म्हणून आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकात मोठी जलवाहतूक योजना आखली गेली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथल्या खडकाळ अडथळ्यांशी झुंजून १८७१मध्ये सरकारने ती सोडून दिली. आगबोटींचा जलमार्ग झालाच नाही आणि पैलतीर गाठायला अखंड खोडातून कोरलेला डोंगा राहिला. तो हाकणारा ढिवर अनवाणी असे. या अनवाणीपणात गरिबी होती, हे खरेच. पण त्यात पायाच्या कोरडेपणाविषयीची एक पक्की समजही होती: नदीवर पाय भिजणारच, तेव्हा तो लवकर सुकेल असे बघावे. जलरोधक बुटांच्या इतिहासाने पुढे हीच समज खरी ठरवली, असे माझे म्हणणे आहे.

डोंग्याची घडणच पाहावी. त्याला सपाट तळ नाही, बाक नाही. बांबूच्या रेट्याबरोबर उडालेले आणि भेगांतून झिरपलेले पाणी तळाशी साचते आणि ते सतत उपसावे लागते. डोंगा काठावरून लोटायचा तर गुडघाभर पाण्यात उतरावे लागते, आणि पलीकडे लागला की पुन्हा तेच. तोल राखायला तळव्याला लाकूड जाणवले पाहिजे, शेवाळलेल्या दगडावर बोटांना पकड मिळाली पाहिजे. अशा जागी बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याची वहाण काय कामाची? ती पाण्यात फुगते, मऊ पडते, शिवण सुटते आणि वाळताना आकसून पायाला चावते. तेल चोळले तर थोडा टिकाव लागतो, पण रोज नदीत उतरणाऱ्याला तेवढा पुरत नाही. वहाण काढून हातात धरायची आणि पलीकडे पाय पुसून चढवायची, हा रिवाज त्यातूनच आला. गडचांदूरकडच्या काळ्या मातीतही पावसाळ्यात हेच होते. चिकण चिखलाचा गोळा वहाणेला चिकटला की चालणे जड होते, आणि शेतकरी ती बांधावर काढून ठेवतो.

रबराने हा प्रश्न सुटेल असे युरोपला वाटले. मॅकिंटॉशने १८२३मध्ये जलरोधक कापडाचे पेटंट घेतले आणि गुडइयरने १८४४मध्ये रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे. त्यातून गमबूट आला. पण पाणी आत येऊ न देणारा बूट आत आलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही, आणि पायाचा घाम तर आतच जन्मतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओल्या बुटांनी हजारो सैनिकांचे पाय सडवले. त्यावर जो उपाय कामी आला, त्यात बूट काढणे, पाय पुसणे, तेल चोळणे आणि कोरडे मोजे घालणे यांना मोठे स्थान होते. पुढे अमेरिकी लष्कराने जंगलासाठी बूट केले, तेव्हा त्यांना पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवली. ज्याला दिवसभर पाण्यात वावरायचे आहे, त्याने निचरा पाहावा, हे त्या भोकांनी मान्य केले.

यावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की अनवाणी पायाला शहाणपण म्हणणे म्हणजे वंचनेला गोड नाव देणे. वहाण परवडत नव्हती, आणि जातीच्या जाचाने अनेकांना ती वरच्या जातींसमोर घालताही येत नव्हती. हे पूर्ण खरे आहे, आणि म्हणूनच इतिहास वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: डोंग्यात पाय उघडा ठेवणे ही कामाची गरज होती, काठावर चढल्यावरही तो उघडाच राहणे हा अन्याय होता. दुसरा आक्षेप रोगांचा. ओल्या पायांना चिखल्या होतात, अंकुशकृमी तळव्यातून शिरतो, उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू जखमेतून आत जातो, काठच्या गवतात साप असतो. या धोक्यांपुढे अनवाणीपणाचे समर्थन करता येणार नाही. कोळशाच्या खाणीत आणि साचलेल्या घाण पाण्यात गमबूटच हवा. पण तिथे माणूस उभ्याने काम करतो आणि पाणी बहुधा घोट्याखाली असते. डोंगा उलटला तर तोच गमबूट पाण्याने भरतो आणि पोहणाऱ्याच्या पायातले ओझे होतो.

म्हणून नदीसाठी पादत्राण निवडताना त्यावर ‘जलरोधक’ लिहिले आहे की नाही, एवढ्यावर थांबू नये. टाचेला पट्टा असलेली, बोटे झाकणारी, पाणी सहज निघून जाणारी सँडल डोंग्यात घालावी. कोरडी जोडी आणि पंचा पिशवीत बांधून ठेवावा, आणि मुक्कामी पोचल्यावर बोटांच्या बेचक्या आधी पुसाव्यात. ढिवराचा पाय लाकूड ओळखत होता, ती पकड या सँडलमध्ये बरीचशी टिकते. त्याला जे मिळाले नाही, ते काठावरचे कोरडे पायताण होते.